गोल घराची मापं

मातीच्या गोल घराच्या लाकडी सज्जावर मोजणीची तिपाई उभी केली की खाली-वर ओरडून सांगावं लागतं, चार मिनिटं कोणी चालू नका. फळ्या शंभरहून जास्त वर्षांच्या. तीन खण पलीकडे कोणी पाऊल टाकलं तरी इथे तिपाईच्या पायाला कळतं. लेझर स्कॅनर स्वतःभोवती फिरत सेकंदाला लाखो बिंदू टिपत असतो, आणि त्याच्या पायाखालची फळी हलली की समोरची सरळ भिंत वाकडी नोंदवली जाते. पहिल्या दिवशी घरातल्या लोकांनी आम्हाला फार सांभाळून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या जिन्यातून एक आजी खांद्यावर कावड घेऊन वर आली. दोन्ही टोपल्यांत सोलून वाळत घातलेली लाल पर्सिमनची फळं. आभाळ भरून आलं होतं. आमच्यातल्या एका मुलाने हात वर करून तिला थांबायची खूण केली. ती थांबली नाही. तिचं बरोबर होतं. पाऊस येणार होता आणि घर तिचं होतं.

त्या स्कॅनमध्ये ती आली आहे. कठड्याच्या बाजूने जाणारा एक तिरका राखाडी पट्टा आणि त्याच्या दोन टोकांना दोन लाल ठिपके. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

ही गोष्ट 2023 च्या ऑक्टोबरमधली. चीनच्या फुजियान प्रांतात लोंगयान शहराच्या अखत्यारीत योंगदिंग नावाचा डोंगराळ भाग आहे. हक्का लोकांची मातीची प्रचंड घरं, तुलोऊ, तिथे आहेत. त्यांतली आणि आसपासची मिळून 46 घरं 2008 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. छंगछी लोऊ त्यातलंच. ते 1709 मध्ये पुरं झालं. चार वर्तुळं एकात एक, सुमारे 400 खोल्या. पण खोऱ्याखोऱ्यांत अशी शेकडो घरं आहेत ज्यांच्यापुढे तिकीटखिडकी नाही, पाटी नाही. आम्ही मोजलं ते घर अशांपैकी एक. त्याचं आणि गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण आत माणसं राहतात.

आपल्याकडे हक्का हा शब्द रस्त्याकडेच्या चायनीजच्या गाडीवर रंगवलेला असतो. कोलकात्याच्या टांगऱ्यात चामडं कमावणारी जी चिनी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहिली ती बहुतेक हक्काच. शब्दाचा अर्थ पाहुणी कुटुंबं. उत्तरेकडून टप्प्याटप्प्याने सरकत हे लोक दक्षिणेच्या डोंगरांत आले. सपाट, पाणथळ, चांगली जमीन आधीच दुसऱ्यांकडे गेलेली होती. मग एका आडनावाची सगळी माणसं एका भिंतीच्या आत राहू लागली. योंगदिंगमध्ये पुढे पैसा आला तो तंबाखूतून. होंगखंग गावातलं झनछंग लोऊ हे 1912 चं देखणं घर ज्या लिन कुटुंबाने बांधलं, त्यांनी तंबाखू कापायच्या सुऱ्या बनवून संपत्ती मिळवली होती.

मी तिथे वास्तुसंवर्धन शिकायला गेलेली. घर मूळचं लातूर जिल्ह्यातलं, औसा तालुक्यातलं. आजोबांचं घर माळवदाचं होतं असं मी फक्त ऐकलं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची मातीची जड छपरं झोपलेल्या माणसांवर आली. आमचं घर पडलं नव्हतं, तडकलं होतं. पुढच्या वर्षी ते उतरवलं. माझा जन्म सिमेंटच्या घरातला. आईला आजही मातीची भिंत म्हटलं की कसंतरी होतं. आजोबांच्या घराचा एकही फोटो नाही, एकही माप नाही. किती खणांचं होतं यावर आई आणि मामाचं अजून एकमत होत नाही. त्यामुळे मातीच्या भिंती बिंदूबिंदूने टिपून ठेवायचं काम आहे असं कळल्यावर मी पहिल्या दिवशी नाव दिलं.

खण हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. दोन खांबांमधल्या जागेला आपल्या गवंड्या-सुतारांनी दिलेला हा शब्द तुलोऊला जसा लागू पडतो तसा इंग्रजी शब्दही पडत नाही. आम्ही मोजलेलं घर तीन मजली आणि 36 खणांचं. बाहेरून एकच गोल भिंत, तळाशी मीटरहून जास्त जाड, वर निमुळती होत गेलेली, खालच्या मजल्यांना खिडकीच नाही. नदीतल्या गोट्यांचं जोतं पुराच्या पाण्याला पुरून उरेल एवढं उंच. आतून सगळं लाकूड: खांब, तुळया, सज्जे. खाली स्वयंपाकघर, मधल्या मजल्यावर धान्य, वर झोपायच्या खोल्या. खालच्या चुलीच्या उबेने वरचं धान्य कोरडं राहतं. आणि मालकी उभी असते. एका कुटुंबाकडे खालपासून वरपर्यंत एक खण, मोसंबीच्या फोडीसारखा. जिने मात्र सगळ्यांचे, सज्जा सगळ्यांचा, अंगणातली विहीर सगळ्यांची.

मोजणीत आधी आखणी. परदेशी माणसाला चीनमध्ये एकट्याने जाऊन मोजणी करता येत नाही. तिथल्या संस्थेच्या सोबतीने आणि परवानगीनेच करावी लागते. शिवाय तिथल्या सार्वजनिक नकाशांवरची स्थानं मुद्दाम काहीशे मीटर सरकवलेली असतात. आम्ही जगाच्या अक्षांश-रेखांशांच्या भानगडीत पडलोच नाही. घराचा आपला स्वतःचा मूळ बिंदू ठरवला. तो कुठे घ्यायचा यावर सकाळभर बोलणं झालं. विहीर घ्यावी असं मला वाटत होतं, पण विहिरीचा काठ दोन वर्षांपूर्वी नव्याने बांधलेला निघाला. शेवटी मुख्य दारासमोरच्या खणात पूर्वजांचं देवघर आहे, त्याच्या दगडी उंबऱ्यावरची एक जुनी छिन्नीची खूण घेतली. घराचं शून्य तिथे. बाकी सगळं त्या खुणेपासून.

मग टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर अचूक मोजणाऱ्या यंत्राने, अंगणात, सज्जावर आणि बाहेर शेताच्या बांधावर पक्के बिंदू बसवले. स्वामित्व योजनेत आपल्याकडे ड्रोन उडवून गावठाणं मोजली गेली ते अनेकांनी पाहिलं असेल. तिथे प्रश्न हद्दीचा असतो, कोणाचं घर कुठे संपतं. इथे भिंत स्वतःच मोजायची होती, तिचा प्रत्येक फुगवटा आणि प्रत्येक भेग, त्यामुळे आकाशातून फार काही हाती लागणार नव्हतं. ड्रोन आम्ही फक्त कौलांसाठी आणि बाहेरच्या भिंतीसाठी उडवला, दोन ढगाळ सकाळी, एका फोटोवर दुसरा 80 टक्के चढेल असा. ढगाळ अशासाठी की उन्हात वळचणीची काळी सावली भिंतीच्या वरच्या तिसऱ्या भागावर पडते आणि तिथलं काही दिसत नाही.

नऊ दिवसांत 212 स्कॅन झाले. बहुतेक काम कंटाळवाणं असतं: तिपाई उचला, ठेवा, बटण दाबा, दाराआड जा. लेझरला काही गोष्टी दिसत नाहीत, हे मला पुस्तकातून माहीत होतं, तिथे डोळ्यांनी कळलं. पावसानंतर अंगणातल्या डबक्यात त्याला जमिनीखाली उलटं टांगलेलं दुसरं घर दिसलं. आणि स्वयंपाकघरात तर त्याने हात टेकले. सहा-सात पिढ्यांचा धूर बसलेल्या भिंती. इतक्या काळ्या की लेझर गिळून टाकतात, परत काही पाठवतच नाहीत. पडद्यावर चुलीमागे नुसता विखुरलेला भुगा.

शेवटी ती स्वयंपाकघरं आम्ही हाताने मोजली. टेप, पाणसळ, ओळंबा, पेन्सिल. टेपचं दुसरं टोक धरायला कावडवाली आजी पुढे आली. तिला सगळे अ-पो म्हणायचे, हक्का भाषेत आजी. मीही तेच म्हणू लागले. माझ्या वर्गमैत्रिणीचं आजोळ त्याच खोऱ्यातलं, ती अ-पोचं बोलणं मला मँडरिनमध्ये सांगायची. टेप चुलीमागे सरकवताना माझा हात भिंतीला लागला आणि तळहात पूर्ण काळा झाला. अ-पोने तो धरून पाहिला आणि काहीतरी बोलली. मैत्रीण म्हणाली, "ती म्हणते, ही माझ्या सासूची काजळी." त्या चुलीमागे भिंतीला हात घातला तर वरच्या थराखाली दुसरा थर होता, चकचकीत, डांबरासारखा कडक, बोटाच्या नखाने ओरखडा उठत नव्हता. खांद्याच्या उंचीवर भिंतीचा एक पट्टा तेवढा फिका आणि गुळगुळीत होता. पाठ टेकून बसायची जागा. जमिनीपासून 61 ते 94 सेंटीमीटर. मी ते मापही लिहून घेतलं. नमुना तक्त्यात त्याला रकाना नव्हता, शेरा म्हणून लिहिलं.

खरी फजिती रात्री मुक्कामाच्या खोलीत झाली, आणि ती मला फार शिकवून गेली. प्रत्येक स्कॅन म्हणजे एका जागेवरून दिसलेलं जग. शेजारच्या दोन स्कॅनमध्ये जो भाग सामाईक असतो त्यावरून संगणक त्यांची जुळणी करतो. वरच्या मजल्याचे स्कॅन मी आपोआप जुळणीला टाकले. अहवाल आला: सगळं हिरवं, सरासरी चूक 3 मिलिमीटर. जुळणीला आधार म्हणून खुणेचे फलक लावतात, ते त्या मजल्यावर मी मुळात कमी लावले होते, कारण सज्जा अरुंद आणि लोकांची ये-जा. आकडा पाहून बरं वाटलं. झोपायच्या आधी सहज एका दाराजवळ जाऊन पाहिलं. नववर्षाला दाराच्या दोन्ही अंगांना लाल कागदावर शुभवचनं चिकटवतात. त्या दारावरची अक्षरं वाचताच येईनात. पुसट नव्हती, दोन वेगवेगळी वाक्यं एकमेकांत मिसळलेली होती.

पंधरा-वीस मिनिटं मी त्या दाराकडे पाहत होते. मग मैत्रिणीला उठवलं. तिने एक-एक अक्षर सोडवून सांगितलं की हे दोन दारांवरचे मजकूर आहेत, शेजारशेजारच्या. म्हणजे सॉफ्टवेअरने एक खण दुसऱ्यावर नेऊन बसवला होता. गोल घरात प्रत्येक खण शेजारच्यासारखाच, तेच खांब, तोच कठडा, तेच दार, 10 अंशांनी फिरवलेलं. यंत्राला वाटलं हा तोच. खोटी जुळणी इतकी चपखल बसली होती की चूक 3 मिलिमीटरच दिसत होती, आणि घर एका खोलीने कमी झालं होतं. वर्तुळाच्या पलीकडच्या बाजूला एक काळी फट उरली होती. तिथे स्कॅन राहिला असेल असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललेलं. खण मोजले. 35.

दुसऱ्या दिवशी वरचा पूर्ण मजला पुन्हा केला. चौकटीचे फलक छोट्या स्टँडवर लावले, भिंतीला काहीही चिकटवलं नाही, कारण चिकटपट्टीबरोबर जुना गिलावा निघून येतो. फलकांमधलं अंतर मुद्दाम असमान ठेवलं, एकीकडे दोन खणांवर, दुसरीकडे पाच, म्हणजे कुठलाच भाग दुसऱ्यासारखा दिसू नये. प्रत्येक फलकाचं स्थान अंगणातून टोटल स्टेशनने घेतलं. जे कोणी गोल, एकसारख्या खणांच्या इमारती मोजणार असतील त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: हिरव्या अहवालावर विसंबू नका. दारं मोजा. कुठली तरी एक गोष्ट शोधा जी दोनदा असूच शकत नाही, आणि ती दोनदा दिसते का पाहा. तुलोऊत ती लाल कागदांवरची अक्षरं होती.

जुळणी झाली की सफाई. बिंदूंच्या ढगातून माणसं, कोंबड्या, वाळत टाकलेले कपडे, टोपल्या काढून टाकायच्या. सॉफ्टवेअरच्या भाषेत हा सगळा गोंगाट. मी दोन दिवस तेच करत बसले. कपडे गेले, सायकल गेली, कोंबड्यांचे राखाडी डाग गेले. कठड्यालगतचा तो तिरका पट्टा आणि दोन लाल ठिपके निवडले, आणि खोडायचं बटण दाबताना थांबले. मी आमच्या सरांना विचारलं की न साफ केलेली प्रत वेगळी ठेवायची का. ते म्हणाले, "ठेव. जागा लागेल, पण ठेव." पन्नास वर्षांनी कोणी विचारलं की या घरात फळं कुठे वाळवायचे, कावड कोणत्या जिन्याने वर यायची, तर साफ केलेल्या मॉडेलमध्ये त्याचं उत्तर नाही. दोन्ही प्रती आता जपून ठेवल्या आहेत.

यानंतरचा भाग वर्तुळाचा, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. जमिनीपासून दीड मीटरवर आडवा काप घेतला की बाहेरच्या भिंतीची रेघ मिळते. त्या रेघेवर संगणकाकडून उत्तम बसणारं वर्तुळ काढून घेता येतं. आम्ही काढलं. खरी भिंत त्या वर्तुळाच्या कुठे 19 सेंटीमीटर बाहेर होती, कुठे 12 आत. ज्यांच्यासाठी हे काम चाललं होतं त्यांना दुरुस्तीकरता स्वच्छ आराखडे हवे होते, आणि मॉडेलच्या सॉफ्टवेअरला तर भिंत म्हणजे सारख्या जाडीची, काटकोनात उभी वस्तू. गटातल्या दोघांचं म्हणणं पडलं, वर्तुळच देऊन टाकू, बांधणाऱ्याच्या मनात वर्तुळच होतं की. मी तयार नव्हते. आराखड्यात भिंत सरळ दाखवली तर उद्या दुरुस्तीला येणारा माणूस तिथला झुकाव हा बिघाड समजेल आणि सरळ करायला जाईल. दोनशे वर्षं तशीच उभी असलेली भिंत तो उगाच खोदेल. चार जणांचं त्यावर दीड दिवस बोलणं झालं, आवाजही चढले.

तेव्हा मैत्रिणीच्या आजोळचे एक वृद्ध गवंडी घर पाहायला आले. तरुणपणी त्यांनी अशा भिंती ठोकल्या होत्या. भिंत कशी घालतात ते त्यांनी अंगणात बसून दोन फळ्या मांडून दाखवलं. लाकडी साचा, त्यात ओलसर माती थराथराने टाकायची आणि धुमसाने चोपायची, दर थरामागे बांबूच्या कामट्या आडव्या घालायच्या, साचा सरकवायचा. एका वेळी फार उंच जायचं नाही. साधारण मजलाभर झालं की वाळू द्यायचं, पुढचं पुढच्या वर्षी. मी त्यांना लॅपटॉपवर रंगीत नकाशा दाखवला. भिंत ओळंब्यापासून बाहेर झुकली असेल तिथे लाल, आत झुकली असेल तिथे निळा. डोंगराकडच्या बाजूला भिंत सर्वांत जास्त झुकलेली, वरच्या टोकाला 13 सेंटीमीटर.

ते पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, सूर्य भिंत ढकलतो. तिथल्या गवंड्यांत ही म्हणच आहे. उन्हाकडची बाजू आधी वाळून कडक होते, सावलीची बाजू ओली आणि मऊ राहते, आणि स्वतःच्या वजनाने भिंत सावलीकडे कलते. म्हणून जाणता गवंडी भिंत घालतानाच ती किंचित उन्हाकडे कलती ठेवतो. वाळता वाळता ती सरळ होते. किती कलती ठेवायची ते माती, ऋतू, दिशा पाहून. "डोंगराकडे ऊन दुपारीच येतं," ते म्हणाले. "इथे त्याचा अंदाज चुकला."

आम्ही लगेच मान डोलावली नाही. भिंत पाया खचल्यानेही झुकू शकते, तसं असेल तर ती धोक्याची. म्हणून दगडी जोत्याच्या पातळ्या पुन्हा घेतल्या, त्या बाजूला 20 ठिकाणी. जोतं जवळपास एका पातळीत होतं. झुकाव जोत्याच्या वरून, मातीतच सुरू होत होता, आणि प्रत्येक मजल्याला, म्हणजे बांधणीच्या प्रत्येक वर्षाला, थोडा वेगळा होता. दुसऱ्या मजल्याला 7 सेंटीमीटर, तिसऱ्याला वर फक्त 2. दुसऱ्या वर्षानंतर बांधणाऱ्याने आपला अंदाज दुरुस्त केला असावा, असं मला त्या आकड्यांकडे पाहून वाटतं. ज्या माणसाचं नाव कुठे लिहिलेलं नाही त्याचा हात मला त्या आकड्यांत दिसला. वर्तुळ बसवलं असतं तर तो पुसला गेला असता.

ओळंबा चुकला म्हणजे घर पडणार असं मनात घेऊनच मी वाढले होते. शेजारच्या नानजिंग काउंटीतल्या यूछांग लोऊचे खांब 15 अंशांपर्यंत कललेले आहेत, ते घर 1308 चं मानतात. योंगदिंगमधल्या हुआनजी लोऊच्या भिंतीला 1918 च्या भूकंपात मोठा तडा गेला आणि पुढे तो आपोआप मिटत आला असं तिथे सगळे सांगतात. किल्लारीकडच्या भिंती आणि या भिंती वेगळ्या, दगड वेगळा, छप्पर वेगळं. एकीवरून दुसरीचा निकाल लावता येत नाही. पण त्या रात्री मी आईला फोन करून पहिल्यांदा विचारलं की तडा नेमका कुठे गेला होता, जोत्यापासून की वरून. तिला आठवत होतं. वरून, कोनाड्याच्या कोपऱ्यातून. आजोबांनी त्यात कापड कोंबलं होतं.

मॉडेल शेवटी दोन केली. एक भिंतीचं, जशी आहे तशी, फुगवट्यांसकट, जाळीच्या रूपात. दुसरं साधं, ज्यात खोल्या, लाकूड, दुरुस्त्या, मालकी यांची माहिती भरता येईल असं. या दुसऱ्यात खोल्यांना क्रमांक देताना आम्ही सवयीने मजला आधी लिहिला: 1-17, 2-17, 3-17. सॉफ्टवेअरही इमारत मजल्यांनीच मांडतं. छापील यादी घेऊन मी अ-पोकडे गेले, तिच्या खोल्या कुठल्या ते लिहून घ्यायला. तिला यादीत तिचं घर सापडेना. तिची चूल पहिल्या पानावर, धान्याची खोली तिसऱ्यावर, पलंग पाचव्यावर. तिने बोट खालून वर सरळ नेऊन दाखवलं: हे घर. त्या संध्याकाळी 108 नोंदी उलट्या केल्या. 17-1, 17-2, 17-3. खण आधी, मजला नंतर. त्यानंतर ती यादी कोणालाही समजावून सांगावी लागली नाही.

कुलुपांचं राहिलं. ऑक्टोबरमध्ये घरात वर्षभर राहणारी माणसं 11 होती, बहुतेक सत्तरीच्या पुढची. 41 खोल्यांना कुलूप. किल्ल्या श्यामनला, शेनझेनला, परदेशात. बंद खोलीच्या जागी मॉडेलमध्ये काळी पोकळी राहते. त्या पोकळ्या शेजारच्या खोलीची नक्कल करून भरता येतात, आणि तसं करणारेही आहेत. आम्ही भरल्या नाहीत.

चिनी नववर्षाला, फेब्रुवारीत, मी आणि मैत्रीण उसना छोटा स्कॅनर घेऊन परत गेलो. तेव्हा ते घर ओळखू आलं नाही. अंगणात 20-25 गाड्यांचं सामान उतरलेलं, सज्जावर मुलं पळताहेत, सगळ्या चुली पेटलेल्या, देवघरासमोर उदबत्त्यांचा धूर. चार मिनिटं थांबा म्हणायची सोयच नव्हती, म्हणून आम्ही पहाटे चारला उठून काम करायचो. लोक कुलपं उघडून आम्हाला आत नेत होते. एका माणसाने 11 वर्षांनी खोली उघडली. आत बापाचं कुऱ्हाडीचं पातं, तांदूळ मोजायचं लाकडी माप आणि भिंतीला टेकवलेला बांबूचा पाट. तो दारातच उभा राहिला. मला म्हणाला, आधी तू मोज, मग मी हात लावतो. मी मोजलं.

जाण्याआधी अ-पोला लॅपटॉपवर तो न साफ केलेला स्कॅन दाखवला. तिने राखाडी पट्ट्याकडे पाहिलं नाही, लाल ठिपक्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, त्या वर्षी फळं चांगली वाळली नव्हती, पाऊस लवकर आला.

41 पैकी 33 खोल्या उघडल्या. आठ अजून काळ्या आहेत. त्यांच्या नोंदीत मी मापांच्या जागी जे कळलं ते लिहून ठेवलं आहे. दोघांपुढे मोबाइल नंबर आहेत. तिघांपुढे, भाऊ-भाऊ बोलत नाहीत. दोन खोल्यांचा वारस कोण ते गावात ठरलेलं नाही. आणि 24-3 पुढे लिहिलं आहे: किल्ली क्वालालंपूरला, पत्ता अ-पो शोधते आहे.